गाडी उंच करा, पण शाफ्टचा कोन सांभाळा

जिप्सी उंच केली की रुबाब वाढतो. मग वेग घेतला की तळातून थरथर सुरू होते आणि आपण चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. दोष बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टच्या कोनात असतो.

शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस. क्रॉस कोनात फिरला, की शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो, दोनदा घटतो. १० अंशांना हा चढउतार सुमारे दीड टक्का, २० अंशांना सहा टक्के. कोन दुप्पट, त्रास चौपट! दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर पहिल्या क्रॉसची गडबड दुसरा निस्तरतो. पण लांब शॅकल घातली, की पाट्याचं एकच टोक उचललं जातं, अ‍ॅक्सल कलतो आणि हा हिशेब बिघडतो.

म्हणून गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर उभी करून कोनमापक लावा. ट्रान्सफर केस आणि मागच्या पिनियनच्या फ्लँज एक अंशाच्या आत समांतर हव्यात. नसतील, तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये योग्य पाचर बसवा. शाफ्ट सोडवण्याआधी खुणा करा, म्हणजे दोन्ही टोकांचे योक पुन्हा एका रेषेत बसतील. पुढचा अ‍ॅक्सल मात्र असा कलवू नका. कॅस्टर बदलतो, स्टिअरिंग भरकटतं.

थरथर अंगवळणी पाडू नका. खारदुंग लाच्या उतारावर मागचा शाफ्ट तुटला, तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनचा लगामच सुटतो. आधी मोजा, मग निघा. जय हिंद!