आमवाताची घरची शुश्रूषा

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय स्थापिले आणि सातारा-सांगलीकडील कितीतरी रुग्ण तेथे बरे होऊन परतले. आमवाताची शुश्रूषा मात्र घरीच, वर्षानुवर्षे करावी लागते.

या दुखण्यात सकाळी सांधे तासभर, कधी अधिकही, आखडलेले असतात. अशा सुनेस आळशी म्हणणारी घरे आम्ही पाहिली. आमचेही घर त्यांतलेच! तिला बोल लावू नयेत, हातपाय शेकण्यास ऊन पाणी द्यावे. गुडघ्याखाली आपण मायेने उशी ठेवतो, परंतु त्यामुळे गुडघा वाकलेलाच राहू लागतो. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी द्यावयाची असते. रोज दिल्यास जिवावर बेतते. तो वार स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा.