राखीव वाटेची तजवीज



आलापल्लीहून भामरागडास जाणारा रस्ता पर्लकोटेच्या पुलावरून गावात शिरतो, आणि पावसाळ्यात तो पूल पाण्याखाली गेला म्हणजे पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांच्या संगमावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण बाकीच्या मुलखापासून तुटते, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यांस मी सांगावयास नको. आज मी बोलणार आहे ते रस्त्याविषयी नव्हे, तर रस्त्याच्या कडेने पुरलेल्या फायबर केबलविषयी.

२०११ साली मंजूर होऊन पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंतची केबल बहुतांशी एका रेषेत गेली. त्यामुळे रस्त्याच्या खोदकामात ती एके ठिकाणी छाटली गेली, की पलीकडच्या साऱ्या गावांचे दाखले आणि सातबारे अडकून पडत. २०२३ साली सुधारित योजनेस मंजुरी देताना केंद्र सरकारने रेषेऐवजी रिंगची, म्हणजे दोन्ही बाजूंनी पोहोचता येईल अशा कड्याची, रचना मुक्रर केली, हा निर्णय मी फार मोलाचा मानतो.

परंतु रिंग सर्व बाजूंनी खुली ठेवता येत नाही. स्विचांमधून, म्हणजे केबलींच्या सांध्यांवर वाहतूक पुढे धाडणाऱ्या यंत्रांमधून, जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावर आयुर्मर्यादेची नोंदच नसल्यामुळे सर्वांना उद्देशून निघालेले पुडके अखंड फिरत राहते, आणि अशी पुडकी साचून सारे जाळे गुदमरते. म्हणून एक दुवा धडधाकट असूनही बुद्धिपुरस्सर बंद ठेवावा लागतो. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचलेल्या पद्धतीत हा दुवा स्विच आपसांत ठरवीत, पण बिघाडानंतर नवी वाट मोकळी होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. पुढे रिंगसाठी निघालेल्या पद्धतीत राखीव दुवा आणि त्याचा धनी स्विच आधीच नेमलेला असतो. केबल तुटताच तिच्या दोन्ही टोकांचे स्विच वर्दी देतात, धनी आपला दुवा खुला करतो, कोणता पत्ता कोणत्या दारी याचे जुने टिपण सर्व स्विच पुसून टाकतात, आणि हे सारे ५० मिलिसेकंदांत उरकावे अशी अपेक्षा असते. केबल सांधल्यावर मात्र हीच यंत्रणा रिवाजाने ५ मिनिटे थांबते, कारण कच्चा सांधा पुन्हा निसटला तर वाहतुकीस उगाच हेलपाटे पडतील.

तथापि ज्या रिंगच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून नेल्या, ती केवळ नकाशावर रिंग असते. पूर एक, आणि वाटा दोन्ही गेल्या. अशा ठिकाणी मनोऱ्यावरून मनोऱ्यावर जाणारा, क्षमतेने कितीतरी तोकडा असा मायक्रोवेव्ह दुवासुद्धा मी पुलावरच्या दुसऱ्या केबलीपेक्षा श्रेयस्कर मानीन. मात्र त्यावरून आधी काय जावे याचा क्रम पूर्वीच लावून ठेवला पाहिजे. मृग लागण्यापूर्वी, भरदिवसा, दुरुस्तीची माणसे हजर असताना एकेक दुवा हाताने सोडवून पाहावा, आणि त्या अवधीत दवाखान्याचा व रेशन दुकानाचा व्यवहार चालू राहिला की नाही याची नोंद तहसील कचेरीच्या दप्तरी व्हावी, अशी माझी मागणी आहे.