डोंगरगावचा पाहुणचार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या वर्षीची सहल काजवे पाहावयास न्यावी असे मागच्या बैठकीत ठरले. मी एकदा जाऊन आलेली, म्हणून त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मला भाषणाची सवय नाही. तेव्हा प्रथम माझ्या हातून झालेली एक चूकच सांगते, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या हातून व्हावयाची नाही.

दोन वर्षांमागे, ज्येष्ठ लागण्याच्या सुमारास, शेजारच्या आम्ही अकरा जणी निघालो. दादरला गाडी बदलून कसारा गाठले आणि पुढे जीपने घाट चढून, घोटीवरून अकोले तालुक्यातील एका वाडीत उतरलो. घर महादेव कोळ्यांचे. शेणाने सारवलेली ओसरी, चूल, स्वच्छ भांडी. जेवणाचा दर ऐकताच मी पुढे होऊन म्हणाले, "पिठले-भाकरीच ना? घरचाच स्वयंपाक, त्याला एवढे कसले?" घासाघीस करून मी माणशी तीस रुपये कमी करून घेतले आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात मैत्रिणींकडे पाहिले.

पहाटे जाग आली. बाहेर येऊन पाहते तो घरची बाई आणि तिची सून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढून येत होत्या. विहीर खाली ओहोळाच्या काठी, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला गेलेले. त्याच पाण्याने आम्ही अकरा जणींनी रात्री पाय धुतले, चुळा भरल्या आणि तांब्यात उरलेले अंगणात ओतून दिले होते! मला फार लाज वाटली. कमी केलेले पैसे मी पुढे केले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "ठरलं ते ठरलं, ताई. पुढच्या बारीला आधी हीर बघा, मंग भाव करा."

भगिनींनो, आपल्या रांधण्याचे घरात मोल नाही म्हणून आपण कुरकुरतो. आणि दुसरीच्या श्रमाचे मोल करावयाची वेळ आली, तेव्हा मीही तेच बोलले!

परत आल्यावर मी याविषयी थोडी चौकशी केली. त्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडी म्हणून गाव आहे. २००६ च्या सुमारास ग्रासरूट्स नावाच्या संस्थेच्या साह्याने त्या गावाने पाहुण्यांची सोय आपल्या हाती घेतली. पाहुणा गावकऱ्याच्या घरी जेवतो, त्याचे शेत पाहतो, आणि गावचाच वाटाड्या त्याला डोंगर दाखवतो. काम घरोघर पाळीने जाते, म्हणजे एकाचेच घर भरत नाही. दर आधीच ठरलेला असतो. या डोंगरात भाताचे एक पीक निघाले की पुष्कळ माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीस जातात. पाहुण्यांचे चार दिवस काही मोठे नव्हेत, आणि त्यावर संसार चालत नाही. परंतु तेवढे दिवस तरी मिळकत आपल्या दारात होते, आणि ती बाईच्या हातच्या कामाची होते.

याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण ज्याला "घरचेच तर आहे" म्हणतो, त्यात किती विद्या असते ते यावरून दिसते.

दूर हिमालयातही असेच चालले आहे. उत्तराखंडात मुनस्यारीजवळ सरमोली हे गाव आहे. तेथील बाया आपल्या घरात प्रवाशांना उतरवून घेतात, आणि गावचे जंगल राखण्यातही त्यांचा हात आहे. २०२३ साली भारत सरकारने उत्तम पर्यटन गाव म्हणून सरमोलीचा गौरव केला. बर्फाचे शिखर पाहावयास येणाऱ्याने जंगलाचेही देणे लागते हे जाणले पाहिजे, अशी ती रीत आहे.

आता काजव्यांविषयी. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा हा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. सारे झाड एकदम पेटते आणि एकदम विझते. बायांनो, ती दिवाळी आपल्यासाठी नसते. नर उडता उडता मादीला खूण करतो, आणि मादी झुडपात, गवतात बसून उत्तर देते. आपण बॅटरी लावली, मोटारीचे दिवे सोडले, की त्या उजेडात ती खूण बुडते. गवतात पाय टाकला की मादीच चिरडते. मीलन झाले नाही तर अंडी कोठून, आणि पुढच्या वर्षी काजवे कोठून? भंडारदऱ्याच्या बाजूला शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते, ती पाहून मन धास्तावते. त्या रात्री माझ्याही हातात बॅटरी होती. वाडीच्या वाटाड्या पोराने ती विझवावयास सांगितली, तेव्हा कोठे मला खरे झाड दिसले.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, दर फोनवर आधी विचारावा आणि तेथे घासाघीस करू नये. दुसरी, वाटाड्या गावचाच घ्यावा व त्याचे ऐकावे. तिसरी, पाणी जपून वापरावे, आणि प्लॅस्टिकचा कचरा आपल्याच पिशवीतून आचोळ्यास परत आणावा. चौथी, रात्री बॅटरी बंद, बोलणे हळू आणि पाय वाटेवरच. शनिवार टाळून मधल्या वारी गेलो तर फारच बरे.

आपल्या आचोळ्याची शेते जाऊन इमारती आल्या, हे येथील मावश्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. गावाला विचारल्यावाचून गाव कसे बदलते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तुंगारेश्वराच्या डोंगरात जातानाही हेच नियम पाळावेत, तो तर आपल्या उशाशीच आहे.

त्या बाईचे घर माझ्या लक्षात आहे. सहल तिकडेच न्यावी, आणि पोचल्यावर सर्वांनी प्रथम तिची विहीर पाहून यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.