दुरुस्तीची पावती



आम्हा दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्यांची कीर्ती काही फारशी उजळ नाही, हे आम्ही जाणतो. 'चांगला भाग काढून घेतला नि जुना घातला' हा आरोप घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. पण ही लबाडी उपजते कोठून, याचा विचार उभयतांनी करावयास हवा.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि 'छायागीत' लागले की सारी चाळ तेथे लोटे. तो संच दुरुस्त करणाऱ्याला मान होता. तपासणीचे पैसे मात्र तेव्हाही कोणी आनंदाने देत नसे!

आजचे उदाहरण घ्या. एलईडी संचातून आवाज येतो, पण चित्र काळे. आम्ही विजेरी पडद्याशी धरतो. पुसट चित्र दिसले तर पडदा शाबूत, मागचे दिवे गेलेले. पुष्कळ संचांत हे दिवे एका माळेत जोडलेले असतात. एक गेला की सारी माळ विझते. दिवा क्षुल्लक किमतीचा. पण तेथवर पोचायचे तर काचेचा पातळ पडदा उचलून बाजूस ठेवावा लागतो, आणि तो तडकला की संच भंगारात जमा. शिवाय सुटा भाग आणायचा तो लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे दादरला गाडी बदलून ग्रँट रोड; अर्धा दिवस मोडला. गिऱ्हाईक विचारते, "एवढ्याशा दिव्याचे इतके पैसे?" मग कच्च्या दिलाचा कारागीर सांगतो, "बोर्ड जळला होता." कसबाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो ते न बदललेल्या बोर्डाच्या नावे लावतो.

हे त्याचे समर्थन नव्हे. तपासणी, सुटा भाग आणि मजुरी हे तीन आकडे पावतीवर निरनिराळे असावेत, काम हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा होकार घ्यावा, काढलेला भाग त्याच्या हाती द्यावा. पावती न देणे ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे. संच दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगावे, आणि आपणही "काही केलेच नाही, मग पैसे कसले?" असे न म्हणता तपासणीचे पैसे मोजावेत. डॉक्टरांना मोजतोच की आपण!