पानाची डावी बाजू



या व्यासपीठावरून राज्यकारभारापासून वेदान्तापर्यंत सर्व काही बोलले जाते. माझ्या वाट्याला आला आहे खाण्याचा डबा. कोणाकडे पाचपंचवीस माणसे जमायची असली आणि 'येताना काहीतरी घेऊन या' असे सांगणे आले, म्हणजे जेवणाआधी तोंडात टाकायला काय न्यावे, असा हा विषय. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. मलाही वाटत होते. ते का वाटेनासे झाले, ते आधी सांगते.

माझी एक मैत्रीण छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाली. आम्ही दहाबारा जणींनी तिच्याच घरी जमायचे ठरविले. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, म्हणजे तिला त्रास नको. मी चाळीस बटाटेवडे केले, गरम गरम डब्यात भरले, झाकण घट्ट लावले आणि वैशाखाच्या उन्हातून तासाभराने पोचले. झाकण काढले तो आत वडे नव्हतेच. ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे काहीतरी होते. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात काय, पुन्हा तळू या." आणि तिने कढई चढविली. पुढचा तासभर ती ओट्यापाशी उभी होती. त्या संध्याकाळचे एक छायाचित्र माझ्यापाशी आहे. सर्व जणी त्यात आहेत. जिच्यासाठी जमलो, ती तेवढी नाही.

वडा का बिघडला, हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही. वड्याचे बाहेरचे कवच कोरडे असते म्हणून कुरकुरीत असते. आतला बटाटा ओला असतो. वडा गरम असतो तोवर आतली वाफ बाहेर येत राहते. मोकळ्या चाळणीवर ठेवला तर ती उडून जाते. बंद डब्यात ती झाकणाला लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा वड्यावर पडते. जी गोष्ट वड्याची, तीच भज्यांची आणि सामोशाची. तेव्हा तळलेले न्यायचेच असेल तर चाळणीवर पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे. परंतु माझे खरे म्हणणे निराळे आहे. तळलेले मुळी नेऊच नये. एक तर ते दुसऱ्याच्या कढईची वाट पाहते. आणि दुसरे, दोन वडे पोटात गेल्यावर जेवायला जागा कुठे राहते?

मग न्यावे काय? येथे मला आपल्या पानाची आठवण होते. आपल्याकडे सारे पान एकदम वाढतात. उजवीकडे भाजी, उसळ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवी बाजू पोट भरते. डावी बाजू पोट भरीत नाही, भूक चाळवते. ती आंबट, तिखट, खारट असते; पुष्कळदा कच्ची असते, थंड असते आणि चमचाभरच असते. म्हणजे जेवणाआधीच्या खाण्याला जे जे गुण हवेत, ते सर्व तिच्या अंगी आहेत. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. आपल्या घरी ते असेलच. त्यातल्या चटण्या-कोशिंबिरींची पाने या नजरेने पुन्हा चाळा. उणीव एकच. डावी बाजू बोटांनी उचलता येत नाही. तिला बसायला काहीतरी हवे.

फ्रेंच लोकांनी ही अडचण आपल्या परीने सोडविली आहे. पावाच्या लहानशा भाजलेल्या तुकड्यावर चविष्ट काहीतरी ठेवतात, त्याला ते 'कनापे' म्हणतात. आणि कनापे म्हणजे चक्क कोच, बसायची बैठक! वरचा पदार्थ कोचावर बसला आहे, अशी ती कल्पना. आपल्याकडे असे कोच का कमी आहेत?

सोलापूरकडची कडक भाकरी घ्या. पापडासारखी पातळ, खडखडीत वाळलेली आणि कित्येक दिवस टिकणारी. तिचे दोन बोटांएवढे तुकडे करावे. शेंगदाण्याची चटणी घट्ट दह्यात कालवून वेगळ्या डब्यात न्यावी आणि तेथे गेल्यावर एकेका तुकड्यावर ठेवावी. कोणाला शेंगदाणा चालत नाही ना, एवढे मात्र आधी विचारावे. काही जणांना तो जिवावर बेततो. दुसरा कोच पोह्याच्या मिरगुंडांचा. ती घरूनच तळून, निववून, घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी, आणि बरोबर मेतकूट घालून कालवलेला, वरून हिंगमोहरीची फोडणी दिलेला चक्का. मुलेसुद्धा यावर तुटून पडतात. मेतकूट म्हणजे आजारी माणसाचे खाणे, हा समज त्यांना अजून झालेला नसतो.

आणि तिसरा कोच काकडीचा, त्यावर आंब्याची डाळ. हा माझा सर्वांत आवडता. शिवाय आताचे दिवसही तिचेच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण डाळ आणि पन्हे देतो, आणि अक्षय तृतीया उलटली की वर्षभर तिला विसरतो. खरे पाहता तळणे नाही, शिजवणे नाही, गरम करणे नाही, अशी ही चीज. एक वाटी हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळू द्यावे, आणि वाटताना पाण्याचा थेंब न घालता हिरव्या मिरचीबरोबर भरड वाटावी. पीठ झाले की संपले. दाण्याला दात लागला पाहिजे. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, किंचित साखर. कैरी फार आंबट असेल तर थोडी कमी. फोडणी तेलाचा हात सैल सोडून करावी, कारण कच्ची डाळ कोरडी लागते आणि घशाशी अडते. मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्या. ही फोडणी पूर्ण निवल्यावरच डाळीवर घालायची. गरम घातली तर कैरीचा ताजेपणा जातो.

काकडी जाडसर घ्यावी, पेराएवढे तुकडे करावे आणि लहान चमच्याने मधला गर थोडा काढावा, तळ मात्र राखावा. म्हणजे लहानशी वाटी झाली. एका वाटी डाळीत अशा पंचवीसेक वाट्या भरतात. काकडीला मीठ लावू नये. मीठ पाणी ओढून काढते, हे कोशिंबिरीत आपण रोज पाहतो. काकड्या पुसून एका डब्यात, डाळ दुसऱ्यात, आणि भरायचे काम तेथे, दिवाणखान्यात बसून, गप्पा मारता मारता. स्वयंपाकघरात जायचे कारणच नाही.

ओल्या नारळाविषयी थोडे कडक बोलते. डाळीत नारळ छान लागतो, परंतु उन्हाळ्यात तो लवकर आंबतो. ओले, तयार खाणे बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास, असा अन्नाच्या शास्त्राचा दंडक आहे. वैशाखात आपल्याकडे बत्तीस म्हणजे सकाळचे नऊ! म्हणून प्रवास लांबचा असेल तर नारळ घालूच नये, आणि डाळीचा व दह्याचा डबा बर्फावर ठेवून न्यावा.

सुरळीच्या वडीचा उल्लेख केला नाही तर येथल्या भगिनी मला घरी जाऊ देणार नाहीत. एक वाटी बेसनाला तीन वाट्या आंबट ताक, मंद आच, आणि गरम असतानाच ताटाच्या पाठीवर भराभर पसरणे. ती थंडच खायची, बोटांनी उचलायची. तिला कोच लागत नाही. फक्त हात बसायला दोनतीन ताटे वाया जातात, तेव्हा पहिला प्रयोग घरच्यांवर करावा.

किती न्यावे? जेवण पुढे असेल तर माणशी तीन-चार घास पुरे. संपले म्हणून कोणी हळहळले तर हळहळू द्यावे. शिवाय तबक, चमचे, कागदी रुमाल, सारे आपले आपण न्यावे. हे लहान वाटते. परंतु 'जरा एक ताटली देतेस का' असे दहाबारा जणी दहाबारा वेळा म्हणाल्या म्हणजे घरची बाई उठूनच राहते. विकतचे आणण्यात मला कमीपणा वाटत नाही, हेही येथेच सांगते. ज्याला वेळ नाही त्याने चांगल्या दुकानातून आणावे. नियम तेच, की ते तिच्या ओट्यावर जाता कामा नये.

गेल्या चैत्रात त्याच मैत्रिणीकडे पुन्हा जाणे झाले. मी दोन डबे आणि तबक घेऊन गेले आणि खुर्चीवर बसूनच काकड्या भरू लागले. सवयीने ती उठली, म्हणाली, "काय देऊ? कढई ठेवू?" मी म्हटले, "तू हे भर," आणि चमचा तिच्या हाती दिला. आम्ही दोघींनी पंचवीस काकड्या भरल्या. त्यांतल्या सहासात भरता भरताच आमच्या पोटात गेल्या. डाळीत मीठ कमी आहे असे तिचे म्हणणे पडले, आणि ते खरे होते.