साखर मोजा, लपवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. पण मधुमेहाविषयी दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे, कारण तो मला सहा वर्षांपासून आहे. हे मी मुद्दाम चारचौघींत सांगते. आपल्याकडे पुरुषाला साखर निघाली तर घरचा स्वयंपाक बदलतो. बाईला निघाली तर ती पदराआड गोळी घेते. लेकीच्या सोयरिकीत विषय निघेल, ही धास्ती असते. पण लपवलेल्या रोगाला पथ्य कोण सांभाळणार?

पूर्वी या रोगाला उपायच नव्हता. मधुमेही मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले आणि हे चित्र पालटले. आज गोळ्या आहेत, बारीक सुईचे इन्शुलिनचे पेन आहे, घरच्या घरी एका थेंबात साखर सांगणारे यंत्र आहे. दंडाला चिकटवायची चकतीही निघाली आहे. ती बरेच दिवस साखरेचा चढउतार दाखवते, पण महाग पडते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती साडेसहा किंवा वर गेली तर मधुमेह समजतात. औषध चालू झाल्यावर पुष्कळांना ती सातच्या आत ठेवायला सांगतात. वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर आकडा ठरवतात.

“मी तर काटकुळी, मला कसली साखर?” असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण चरबी इंग्रज डॉक्टरांच्या अंगात शेकडा ९ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१! आपली चरबी अशी आत दडलेली असते. म्हणून अंगकाठीवर विसंबू नये, रक्त तपासावे.

जेवणाचे म्हणाल तर अर्धे ताट भाजीचे, पाव ताट वरण-उसळीचे आणि उरलेले पाव भाकरी किंवा भाताचे असावे. ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण तिचीही साखरच होते, मोजून खावी. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आपण सोडत नाही. पण काही गोळ्या आणि इन्शुलिन पोट रिकामे असले तरी साखर उतरवतच राहतात. मग दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, “उपास लागला.” उपास नव्हे, साखर उतरलेली असते! ती ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. चढली नसेल तर पुन्हा प्यावी, मग जेवावे. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या विष्णुपुरीतच आहे. उलट, साबुदाण्याने साखर भराभर चढते. म्हणून उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. देव काही आपल्या जिवावर टपलेला नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी साखर तपासण्याची सोय करावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, सासू असो वा सून, पुढे यावे. आकडा जास्त निघाला तर त्यात लाज कसली? घरादाराची उष्टी काढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणारी बाई निदान या एका कामात तरी पहिली असू द्या.