दारू, स्टिअरिंग आणि फौजदारी कायदा



आमची शाळा म्हणजे युनियनची कचेरी. कायदा आम्ही शिकलो तो पकडलेल्या ड्रायव्हरांच्या कागदांवरून. तेव्हा वकिली थाटाची अपेक्षा ठेवू नये.

बार्शीटाकळीहून अकोल्याकडे माल नेणारी आमची माणसे विचारतात, "भाऊ, चौकात पावती फाडली की मिटते ना?" मिटत नाही. मोटार वाहन कायद्याचे 185 वे कलम तडजोडीच्या यादीत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल निघाले की गुन्हा झाला, मग गाडी कितीही सरळ चालत असो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय लायसन किमान 6 महिने रद्दबातल. मालकाला काय, तो दुसरा ड्रायव्हर ठेवतो. आमच्या माणसाची चूल मात्र विझते.

पण कायदा पोलिसांनाही बांधतो. अटक केल्यापासून 2 तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडलेच पाहिजे. सुटका म्हणजे खटला संपला असे मात्र नव्हे. आणि नळीत फुंकायला सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो नकारच पुराव्याला टेकू देतो.

हे सांगताना आम्ही मुंबईच्या कार्टर रोडची गोष्ट सांगतो, तेव्हा काही ड्रायव्हर चिडतात: "भाऊ, तुम्ही आमचे की त्यांचे?" 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते. एक मोटार त्यांच्यावर चढली. 7 ठार, 8 जखमी. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या तिपटीहून अधिक, 112 मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. त्या झोपलेल्यांची युनियन कोणती, हे आम्ही उलट विचारतो.

सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा ठरवून 6 महिने दिले. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो सदोष मनुष्यवध मानला: पिऊन अशी गाडी हाकणाऱ्याला माणसे मरू शकतात याची जाणीव असतेच. शिक्षा 3 वर्षे. (1 जुलै 2024 पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 105 व्या कलमात आहे.) 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ती फारच अपुरी असल्याचेही नोंदवले. परंतु शिक्षा वाढवून मागायला सरकार गेलेच नव्हते. म्हणून ती 3 वर्षेच राहिली.